आवाज शिक्षकाचा, मालकी कंपनीची

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. ज्या शहराच्या कामगार वस्त्यांनी या गिरणीच्या भोंग्यावर आपला दिवस बांधला, त्या शहराला शोषणाचा पहिला धडा नव्याने देण्याची आवश्यकता नाही. कामगार कापड विणी आणि त्यातील एका वारावरही त्याचा हक्क नसे, हे येथील पिढ्यांनी अनुभवले आहे. तथापि त्या व्यवस्थेत मालकाची एक अडचण कायम होती. उद्याचे कापड हवे असेल, तर उद्याही कामगाराला फाटकातून आत घ्यावेच लागे. संपाचे सारे बळ या एका गरजेत साठलेले होते.

आज त्याच शहरात एक नवी गिरणी चालू झाली आहे आणि तिच्या मालकाला ही अडचणही उरलेली नाही. धरमपेठेपासून नंदनवनापर्यंत शिकवणी वर्गांच्या पाट्या दिसतात. त्या पाट्यांमागे आता चित्रीकरणाच्या खोल्याही आहेत. शिक्षक कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, फळ्यावर लिहितो, एकेक प्रकरण समजावून सांगतो आणि मानधन घेऊन घरी जातो. त्याचा आवाज, त्याची मांडणी, वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या शंका ऐकून त्याने घडविलेली उदाहरणे मात्र तेथेच राहतात. गडचिरोली, गोंदिया वा यवतमाळच्या विद्यार्थ्याला ती पुढील अनेक वर्षे विकली जातात. शिक्षकाला पुन्हा बोलावण्याचे कारण उरत नाही. गिरणीमालक कामगाराचा एक दिवस विकत घेई. ऑनलाइन शिक्षणाची कंपनी शिक्षकाचे येणारे सर्व दिवस एका दिवसाच्या दामात घेते.

हा कोण शिक्षक आहे?

अनेक ठिकाणी हा शिक्षक म्हणजे आपल्या महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावर राबणारा प्राध्यापक होय. अनुदानित महाविद्यालयांतील पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवायची आणि त्या जागी तासाप्रमाणे मोबदला देऊन काम भागवायचे, हे धोरण महाराष्ट्रात आता मुरलेले आहे. नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेला, कित्येकदा पीएच.डी. मिळविलेला हा तरुण सुटीच्या महिन्यांत बिनपगारी असतो. घरभाडे मात्र सुटी घेत नाही. अशा माणसापुढे एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी आठ-दहा पानांचा इंग्रजी करार ठेवतो, तेव्हा तो शेवटच्या पानावरील सहीची जागा आधी शोधतो. ‘कोणी जबरदस्ती केली नव्हती’ असे कंपनीचे वकील नंतर सांगतात. उपासमारीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या स्वेच्छेचे मोल किती, याचे उत्तर कामगार चळवळीने शंभर वर्षांपूर्वीच दिलेले आहे.

व्यवहाराचे अर्थशास्त्र साध्या हिशेबाने उलगडते. समजा, एका विषयाच्या साठ तासिका चित्रित झाल्या आणि प्रत्येकीस हजार रुपये मिळाले. शिक्षकाची एकूण प्राप्ती साठ हजार. त्या विषयापोटी प्रत्येकी हजार रुपये देणारे पाच हजार विद्यार्थी दरवर्षी मिळाले, तर कंपनीकडे वर्षाला पन्नास लाख आणि पाच वर्षांत अडीच कोटी रुपये जमा होतात. जाहिरात, यंत्रसामग्री, कर्मचारी यांवर त्यातील ऐंशी टक्के रक्कम खर्च झाली असे धरले, तरी पन्नास लाख उरतात. सहाव्या वर्षी अभ्यासक्रम बदलला नाही, तर त्याच तासिका पुन्हा विकता येतात. पहिल्या विद्यार्थ्यासाठी जो खर्च करावा लागतो, तो पाच हजाराव्या विद्यार्थ्यासाठी जवळजवळ शून्यावर येतो. यंत्राने निर्माण केलेली ही बचत समाजाची संपत्ती आहे. ती शुल्ककपातीच्या रूपाने विद्यार्थ्याकडे किंवा रॉयल्टीच्या रूपाने शिक्षकाकडे जात नसेल, तर ती निव्वळ खंड आहे आणि ती वसूल करणारा हा नवा मालगुजार आहे. मालगुजारी कशास म्हणतात, हे विदर्भाला समजावून सांगावे लागू नये.

कायद्याने शिक्षकाला काय दिले आहे?

शिक्षकाला या लुटीविरुद्ध कोणताच आधार नाही, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः आधार आहे. तो वापरला जात नाही, एवढेच. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलेचे वा कौशल्याचे सादरीकरण करणाऱ्यांची एक व्याख्या आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, गारुडी यांच्याबरोबरच व्याख्यान देणाऱ्या व्यक्तीचाही तीत स्पष्ट उल्लेख आहे. गारुड्याच्या शेजारी बसविले म्हणून प्राध्यापकाने नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण त्या पंक्तीला एक मोलाचा हक्क जोडलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क विस्तारले. सादरीकरण चित्रफितीत घेण्यास त्याने एकदा लेखी संमती दिली, की निर्मात्याच्या वापराला त्याला सामान्यतः हरकत घेता येत नाही. परंतु सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाल्यास तो रॉयल्टीला पात्र आहे, असे तेच कलम सांगते. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. आपले नाव सादरीकरणाशी जोडलेले राहावे आणि आपली प्रतिष्ठा डागाळेल अशी मोडतोड होऊ नये, असे दोन नैतिक हक्कही त्याला दिलेले आहेत.

टिपणे, प्रश्नसंच आणि लिखित पाठ यांची गोष्ट वेगळी आहे. ज्याने लिहिले तो त्यांचा प्रथम मालक, हा मूळ नियम. मात्र नोकरीच्या करारान्वये, नोकरीचा भाग म्हणून लिहिले असेल, तर मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते. येथेच कंपन्यांची चलाखी सुरू होते. भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि नोकरीची शाश्वती यांचा प्रश्न निघाला की शिक्षक हा ‘स्वतंत्र व्यावसायिक’ ठरतो. पाठाच्या मालकीचा प्रश्न निघाला की तोच शिक्षक ‘आमचा माणूस’ होतो. एकाच माणसाला एकाच टेबलावर दोन टोप्या घातल्या जातात, आणि दोन्ही वेळा नुकसान त्याचेच होते.

कायद्यातील आणखी एक तरतूद कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी. हक्क लिहून देणारा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे समजली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता मर्यादित समजला जातो. कंपन्यांच्या करारांत ‘सर्व काळासाठी व सर्व जगासाठी’ ही शब्दावली कटाक्षाने का घातली जाते, याचे रहस्य येथे आहे. कायदा शिक्षकाला जे आपोआप देतो, ते या पाच शब्दांनी काढून घेतले जाते. ते शब्द खोडून ‘तीन वर्षांसाठी’ असे लिहिण्याचे धैर्य एकट्या शिक्षकाला होणार नाही. संघटनेला ते होऊ शकते.

याच कायद्यातील दोन व्यवसायांची तुलना उद्बोधक आहे. वृत्तपत्रात नोकरी करणाऱ्या पत्रकाराने लिहिलेला मजकूर नियतकालिकात छापण्यापुरता मालकाचा असतो. वेगळा करार नसेल, तर इतर सर्व बाबतींत तो पत्रकाराचाच राहतो. म्हणून पत्रकाराला आपल्या लेखांचे पुस्तक काढता येते. नोकरीतील शिक्षकाला असे संरक्षण कायद्याने दिलेले नाही. वर्गासाठी केलेले लेखन वर्गापुरते संस्थेचे आणि वर्गाबाहेर शिक्षकाचे, एवढे साधे तत्त्व कायद्यात घालण्यास कोणती अडचण आहे?

ना कामगार, ना मालक

मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात शाळामास्तराचे उदाहरण घेतलेले आहे. शाळेच्या मालकाला धनवान करण्यासाठी राबणारा मास्तर हा भांडवलाच्या हिशेबात उत्पादक श्रमिकच होय, असा त्याच्या विवेचनाचा आशय. आपल्या न्यायव्यवस्थेने मात्र वेगळी वाट धरली. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असा निर्णय दिला की शिक्षणसंस्था हा उद्योग असला, तरी शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतील कामगार नव्हे. शिक्षणाचे कार्य उदात्त आहे, हे त्यामागील एक कारण. उदात्ततेच्या या शालीखाली शिक्षकाचे कामगारपण झाकले गेले. आता ऑनलाइन व्यवहारात त्याच्या निर्मितीची मालकीही जात आहे. ज्याला कामगाराचे संरक्षण नाही आणि मालकाचा हक्कही नाही, असा हा एक त्रिशंकू वर्ग तयार होत आहे.

हे केवळ खाजगी कंपन्यांपुरते मर्यादित नाही. केंद्र सरकारने २०१७ साली ‘स्वयम्’ हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम सुरू केला. दूरच्या विद्यार्थ्याला चांगल्या प्राध्यापकाचे व्याख्यान विनामूल्य ऐकता यावे, या उद्देशाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातील वीस टक्के अभ्यासक्रम ‘स्वयम्’मधून घेण्याची मुभा २०१६ च्या नियमांनी दिली आणि २०२१ मध्ये ती चाळीस टक्क्यांपर्यंत वाढविली. ही मुभा आणि रिक्त पदे एकत्र ठेवून पाहावीत. भंडाऱ्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्राचे पद भरायचे नाही आणि विद्यार्थ्याला पडद्याकडे बोट दाखवायचे, ही सोय त्यातून होते. अशा वेळी एका शिक्षकाचे चित्रित व्याख्यान दुसऱ्या शिक्षकाची नोकरी खाण्याचे हत्यार बनते. आपल्या श्रमाचा उपयोग आपल्याच सहकाऱ्याविरुद्ध होऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार व्याख्यात्याला असलाच पाहिजे.

जगातील धडे

कॅनडातील माँट्रियल येथील काँकॉर्डिया विद्यापीठात २०२१ च्या जानेवारीत घडलेला प्रकार या संदर्भात आठवावा. कलेतिहासाचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपले प्राध्यापक फ्राँस्वा-मार्क गान्याँ यांच्याशी संपर्क साधावयाचे ठरविले. शोध घेता त्याला कळले, की प्राध्यापकांचे २०१९ सालीच निधन झालेले आहे. त्यांची चित्रित व्याख्याने चालू होती; गुण देण्याचे काम दुसरे लोक करीत होते. गतकाळच्या विद्वानाचे शब्द जपले जावेत, यात गैर काही नाही. ग्रंथही तेच करतो. परंतु ग्रंथावर लेखक हयात असल्याचा आभास नसतो, आणि ग्रंथाच्या विक्रीतून वारसांना वाटा मिळतो.

उडेमी या अमेरिकी कंपनीच्या कागदपत्रांत अभ्यासक्रमाची मालकी शिक्षकाकडेच राहते. कागदावरील मालकी पुरेशी नसते, हे मात्र तिच्याच व्यवहाराने दाखवून दिले. वर्गणीच्या उत्पन्नातील शिक्षकांचा सामायिक वाटा पंचवीस टक्के होता. कंपनीने तो २०२४ पासून टप्प्याटप्प्याने कमी करीत २०२६ साठी पंधरा टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. २०२४ सालीच शिक्षकांचे पाठ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची योजना आली. नकार द्यावयाचा असेल, तर तो कंपनीने ठरविलेल्या मुदतीत द्यावयाचा. मौन म्हणजे संमती. दर ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तोच खरा मालक, हा धडा यातून घ्यावयाचा.

भारतातील बायजूज या कंपनीचे मूल्य २०२२ साली बावीस अब्ज डॉलर सांगितले जात होते. २०२४ च्या जुलैत तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. दिवाळखोरी संहितेनुसार विसर्जनात निघालेल्या कंपनीच्या मालमत्तेत बौद्धिक संपदाही मोजली जाते. याचा अर्थ असा की शिक्षकाने कायमचे लिहून दिलेले पाठ खुर्च्या-टेबलांबरोबर लिलावात जाऊ शकतात. ते कोण विकत घेईल, कोणत्या नावाने चालवील, यावर शिक्षकाचा शब्द चालणार नाही. कंपनी बुडाली की पगारही बुडतो आणि पाठही जातात.

एका आक्षेपाचा विचार

समाजवाद्यांमधील काही मंडळी येथे एक प्रामाणिक प्रश्न उपस्थित करतील. ज्ञान सर्वांचे आहे, असे मानणाऱ्यांनी शिक्षकाची मालकी का मागावी? कंपनीचे कुंपण काढून त्या जागी शिक्षकाचे कुंपण घालावयाचे काय?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. ज्ञानावर कोणाचीच मालकी नसते, कायद्यानेही नाही. मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत कोणाही शिक्षकाचा नाही. तो समजावून देण्यासाठी त्याने घेतलेले श्रम मात्र त्याचे आहेत. त्या श्रमांचा हिशेब मागताना तो विद्यार्थ्याकडे बोट दाखवीत नाही, मधल्या विक्रेत्याकडे दाखवितो. अध्यापनाच्या ओघात शिक्षक वा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हा हक्कभंग ठरत नाही, असे आपला कायदा सांगतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली याच तरतुदीचा आधार घेतला आणि विद्यार्थ्यांची बाजू उचलून धरली. ही सवलत अबाधित राहिली पाहिजे, किंबहुना वाढली पाहिजे. ज्या शिक्षकाला आपला पाठ सर्वांना फुकट द्यावयाचा आहे, त्यालाही आधी तो पाठ स्वतःच्या हाती असावा लागतो. कंपनीला सर्व हक्क लिहून देणारा शिक्षक आपलेच व्याख्यान आपल्या गावच्या वाचनालयाला देऊ शकत नाही. म्हणून शिक्षकाची मालकी हा ज्ञानाच्या मुक्ततेचा शत्रू नसून तिचा पहिला टप्पा आहे.

कंपन्या म्हणतात, भांडवल आमचे, जोखीम आमची. हाच युक्तिवाद एकेकाळी चित्रपट आणि ध्वनिमुद्रिकांच्या निर्मात्यांनी केला होता. लता मंगेशकरांनी १९६० च्या दशकात गायकांसाठी रॉयल्टीचा आग्रह धरला, तेव्हा महंमद रफींसारख्या थोर गायकालाही तो पटला नव्हता. दोघांचे एकत्र गाणे काही काळ थांबले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी दिलेल्या संगीताबाबत निर्मात्यांची बाजू मान्य केली, पण गायकाला कायद्यात स्थान नाही याबद्दल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात खंत नोंदविली. २०१२ ची दुरुस्ती त्या दीर्घ लढ्याचे फळ होय, आणि पाठोपाठ २०१३ साली गायकांची स्वतंत्र हक्कसंस्था उभी राहिली. रॉयल्टी द्यावी लागली म्हणून चित्रपट निघावयाचे थांबले नाहीत. ज्या कायद्याच्या बळावर गायकाने आपला वाटा मिळविला, त्याच कायद्यात व्याख्याता गायकाच्या पंक्तीला बसलेला आहे. फरक एवढाच, की गायक संघटित झाले.

काय केले पाहिजे?

पक्षाने आणि पक्षाशी सहानुभूती असलेल्या शिक्षक संघटनांनी या प्रश्नावर पाच मागण्यांचा आग्रह धरावा. पहिली, चित्रित पाठांच्या कराराची मुदत तीन वर्षांपेक्षा अधिक नसावी, करार मराठीतून मिळावा आणि मुदत संपताच सर्व हक्क शिक्षकाकडे परत यावेत. दुसरी, व्यापारी उपयोगावरील रॉयल्टी विद्यार्थिसंख्येशी जोडलेली असावी आणि हिशेब पाहण्याचा अधिकार शिक्षकाला असावा. तिसरी, शिक्षकाच्या आवाजाची वा चेहऱ्याची कृत्रिम नक्कल करण्यास प्रत्येक वेळी वेगळी लेखी संमती आवश्यक मानावी. चौथी, कंपनी दिवाळखोरीत निघाल्यास पाठ लिलावात न जाता शिक्षकाकडे यावेत. पाचवी, सार्वजनिक पैशातून तयार झालेले पाठ सर्वांना खुले असावेत, मात्र त्यांच्या आधाराने एकही मंजूर पद रिक्त ठेवता येऊ नये.

यांतील काही मागण्यांसाठी संसदेत कायदा बदलावा लागेल आणि तो लढा दीर्घ असेल. परंतु उद्याच सुरू करता येण्याजोगे कामही आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या चारही जिल्ह्यांतील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी आणि शिकवणी वर्गांतील शिक्षकांनी आपापले करार एकत्र आणून वाचावेत. एका वकील कार्यकर्त्याने दर रविवारी दोन तास दिले, तर नागपुरातील शिक्षकांसाठी एक आदर्श करारनामा मराठीत तयार होऊ शकेल. त्यावर दोनशे शिक्षकांनी ‘याखेरीज सही नाही’ असा निर्धार केला, तर कंपन्यांना तो वाचावा लागेल.

चित्रफितीने संपाचे जुने हत्यार बोथट केले, हे खरे. जो पाठ एकदा दिला गेला, तो काम बंद ठेवून परत घेता येत नाही. पण जो अजून द्यावयाचा आहे, तो रोखता येतो. अभ्यासक्रम बदलतात, परीक्षा बदलतात, आणि नव्या पाठासाठी कंपनीला पुन्हा जिवंत शिक्षकाच्या दारी यावेच लागते. एम्प्रेस मिलच्या फाटकावर जी ताकद होती, ती आज त्या सहीच्या क्षणात आहे. तो क्षण शिक्षकाने एकट्याने गाठू नये, एवढी जबाबदारी चळवळीने घेतली पाहिजे.